भाता आणि ढग

आमच्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये आम्ही पस्तीस वर्षे पायपेटी वाजवली. वाचकांपैकी जुन्या मंडळींना ती आठवत असेल. पाय हलवले की आतला भाता हवा ओढून घेई आणि त्या ओढीने पट्ट्या बोलत. पावसाळ्यात भात्याचे चामडे फुगे, उन्हाळ्यात तडके, आणि नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साआधी हमखास कुठेतरी भोक पडे. मग आम्ही सरस आणि चामड्याचा तुकडा घेऊन पेटीखाली शिरत असू. कंदील धरायला आमचे चिरंजीव असत, वय वर्षे आठ. हवेची गळती कानाने नव्हे, तर ओल्या बोटाने शोधायची, हे आम्ही त्यांना तिथे शिकवले. त्या शिकवणुकीचे पुढे काय होणार होते याची आम्हांला त्या वेळी कल्पना नव्हती.

हे चिरंजीव आज अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावी अभियंता म्हणून नोकरी करतात. सस्क्वेहॅना आणि शेनँगो या दोन नद्यांच्या संगमावर, टेकड्यांच्या कुशीत वसलेले ते गाव आहे. २०१८ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता प्रथमच तिकडे गेलो. चिरंजीवांनी विमान चालवण्याचा परवाना घेतल्याचे पत्राने कळले होते. खाजगी परवाना, म्हणजे चार आसनांचे छोटे विमान तासाच्या भाड्याने घ्यायचे आणि हौसेने उडवायचे. आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हापासून रोजच्या रोझरीत एक दशक वाढवले होते.

घरी पोहोचलो तेव्हा त्यांनी आम्हांला तळघरात नेले. तिथे मेजावर दोन पडदे, मेजाच्या कडेला आवळून बसवलेले सुकाणूचे अर्धे चाक, खाली दोन पायटे आणि समोर मोटारीतल्यासारखी जुनी खुर्ची. पडद्यावर विमानाच्या आतला भाग दिसे: सहा गोल घड्याळे, आणि काचेपलीकडे हिरवी टेकडी. हे विमानोड्डाणाचे आभासी यंत्र, तिकडच्या भाषेत सिम्युलेटर. जेवण झाले की चिरंजीव तळघरात उतरत आणि तास-दोन तास वर येत नसत. चाळिशीकडे झुकलेला बाप्या रात्री खेळण्यातले विमान उडवतो, हे आम्हांला काही रुचले नाही. तसे आम्ही बोलूनही दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "पप्पा, याचा आजोबा तुम्हांला ओळखीचा वाटेल. उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला तिथल्या एका संग्रहालयात नेले. एका कोपऱ्यात निळ्या रंगाची लाकडी पेटी होती; विमानाचा आकार, पण लहान मुलाच्या पाळण्याएवढे आखूड पंख. वर झाकण. आम्ही वाकून खाली पाहिले आणि तिथेच थबकलो. पेटीखाली भाते होते. चामड्याच्या घड्यांचे, आमच्या पायपेटीच्या जातकुळीचे.

ही पेटी बनवणारा एडविन लिंक हा १९०४ साली जन्मला. त्याच्या वडिलांचा बिंगहॅम्टनमध्ये आपोआप वाजणारे पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. मुलाने तिथेच हात काळे केले. हवेच्या ओढीने पट्टी कशी दबते, झडप कशी उघडते, हे त्याच्या बोटांत मुरले होते. पण मन विमानात. १९२० साली तो पहिल्या धड्याला गेला, तर पैसे घेऊनही शिक्षकाने त्याला सुकाणूला हात लावू दिला नाही. शिकणे महाग आणि शिकताना मरण्याची भीती. तेव्हा शिकण्याचा पहिला भाग जमिनीवरच उरकता आला तर? वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात त्याने ऑर्गनचे भाते आणि हवा ओढणारा पंप जोडून एक खोके बनवले. आत बसणाऱ्याने दांडा डावीकडे झुकवला की एका बाजूच्या भात्यातली हवा निघे आणि खोके डावीकडे कलत असे. १९२९ पर्यंत यंत्र तयार झाले.

कोणी घेईना. विमानशाळांना ते खेळणे वाटले, आणि खरोखरच त्यांतली बरीच यंत्रे प्रथम जत्रा-उद्यानांत नाणे टाकून बसण्याची गंमत म्हणून विकली गेली. हे ऐकताना आम्ही चिरंजीवांकडे पाहण्याचे टाळले.

मग १९३४ चा फेब्रुवारी आला. अमेरिकन सरकारने खाजगी कंपन्यांचे टपालाचे करार रद्द करून विमानटपालाचे काम लष्कराकडे सोपवले. हिवाळा कडक, रात्र, धुके, हिमवर्षाव. लष्कराचे वैमानिक शूर होते, पण डोळ्यांनी जमीन पाहत उडण्याची त्यांना सवय. नुसत्या उपकरणांवर भिस्त ठेवून उडण्याचा सराव फारच थोड्यांना होता. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा लष्कराला लिंकच्या खोक्याची आठवण झाली. त्याच वर्षी प्रत्येकी ३,५०० डॉलर देऊन सहा खोकी घेतली गेली. झाकण लावले की आत काळोख. शिकणाऱ्याला दिसत ती फक्त घड्याळे. बाहेर शिक्षकाच्या मेजावर तीन चाकांची एक लहानशी गाडी नकाशावर शाईने त्याचा मार्ग उमटवी. चुकला तर चूक कागदावर राही, माणूस वाचे. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक यंत्रे बनली आणि सुमारे पाच लाख वैमानिक त्यांत शिकले.

आम्ही त्या निळ्या पेटीवर हात ठेवून उभे राहिलो. कौतुक वाटले; पण खरे सांगायचे तर ते कौतुक भात्याचे होते, शिकवणुकीचे नव्हते. ती कळायला ऑक्टोबर उजाडावा लागला.

त्या मुलखात ऑक्टोबरमध्ये झाडांची पाने लाल-केशरी होतात. पश्चिमेला हाताच्या बोटांसारखी लांबट सरोवरे आहेत, त्यांवरून फिरवून आणण्याचे चिरंजीवांनी कबूल केले होते. शनिवार ठरला. आमची पुतणी आदल्या रात्री न्यू जर्सीहून गाडी हाकत मुद्दाम आली. चिरंजीवांनी आम्हां सर्वांना वजनकाट्यावर उभे केले आणि आकडे वहीत मांडले, त्यावर बराच हशा झाला. सौभाग्यवतींनी पहाटे उठून पुऱ्या तळल्या.

सकाळी दरीत धुके होते. ते रोजच असे आणि दहापर्यंत विरे. त्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले. धुके वर उचलले गेले खरे, पण टेकड्यांच्या माथ्यावर राखाडी छत होऊन बसले. चिरंजीव हवामानाचे आकडे पुन्हा पुन्हा पाहत होते. शेवटी म्हणाले, "आज नाही जमायचं."

आम्हांला राग आला. पुतणीची सुट्टी, पुऱ्यांचे डबे, वसईला फोनवर केलेल्या बढाया. सगळे डोळ्यांपुढे आले. आम्ही म्हणालो, "थोडेसे ढग तर आहेत. वर गेलं की ऊनच असेल."

"पप्पा, ढगात शिरायचा वेगळा परवाना लागतो. त्याचं शिक्षण अजून चालू आहे माझं. मला जमीन दिसायला हवी."

"मग रात्र रात्र तळघरात बसतोस ते कशाला?"

शब्द तोंडातून गेले आणि स्वयंपाकघरात शांतता पसरली. पुतणी खिडकीबाहेर पाहू लागली. चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चला खाली. तुम्हीच उडवा."

तळघरात त्यांनी आधी यंत्र सुरू केले नाही. आम्हांला कचेरीतल्या फिरत्या खुर्चीवर बसवले, डोळ्यांना रुमाल बांधला आणि म्हणाले, "कुठे वळतोय ते बोटाने दाखवा." खुर्ची सावकाश डावीकडे फिरू लागली. आम्ही बोट डावीकडे केले. थोड्या वेळाने फिरणे मंदावले, मग थांबले. आम्ही बोट सरळ केले. पुतणी खुदकन हसली. पुढच्याच क्षणी खुर्ची उजवीकडे गरगरू लागली. आम्ही घाबरून हात घट्ट धरले आणि बोट उजवीकडे केले. रुमाल सुटला. खुर्ची जागच्या जागी स्थिर होती.

जेव्हा आम्ही "थांबली" म्हणत होतो तेव्हा ती एकाच गतीने फिरत होती. आणि जेव्हा "उजवीकडे" म्हणत होतो तेव्हा ती थांबलेली होती.

चिरंजीवांनी कारण सांगितले. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत, त्यांत द्रव असतो. डोके वळले की नलिका फिरते, द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या फरकावरून मेंदूला वळण कळते. पण एकाच गतीने वळत राहिले तर सुमारे वीस सेकंदांत द्रवही त्याच गतीला येतो. फरक उरत नाही आणि मेंदू म्हणतो, आपण सरळ आहोत. थांबलो की द्रव पुढे वाहत राहतो, आणि मेंदू म्हणतो, उलटे वळतो आहोत. जमिनीवर डोळे ही चूक लगेच सुधारतात. ढगात डोळ्यांना काहीच दिसत नाही. लहानपणी फुगडी घालून थांबल्यावर अंगण फिरते, तेच हे. अंगणात फक्त हसू येते. आकाशात माणूस त्या फिरण्यावर विश्वास ठेवून सुकाणू वळवतो.

मग त्यांनी यंत्र सुरू केले. विमान साडेतीन हजार फुटांवर सरळ चालले होते. "ही खुर्ची हलत नाही," ते म्हणाले, "म्हणजे कान तुम्हांला फसवणार नाहीत. तुमचं काम सोपं आहे. ढग आले की डावीकडे वळून आल्या वाटेने परत फिरा." त्यांनी एक कळ दाबली आणि काचेपलीकडची टेकडी पुसली गेली. चहूकडे राखाडी, खिडकीबाहेर त्या क्षणी होती तशीच.

आम्ही चाक डावीकडे वळवले. दिशादर्शकाचा आकडा सरकू लागला, आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. बरे चालले आहे असे वाटले. तेवढ्यात लक्षात आले की उंची उतरते आहे. आम्ही चाक ओढले. उंची थांबेना, वेग मात्र वाढला. आणखी ओढले. इंजिनाचा आवाज चढत गेला. सहाही घड्याळे एकदम काहीबाही सांगू लागली. कोणाचे ऐकावे तेच कळेना. मग पडद्यावर झाडे दिसली, फार जवळ, आणि चित्र गोठले.

जिन्यावरून सौभाग्यवतींनी विचारले, "पडलं का?"

कोणी उत्तर दिले नाही.

चिरंजीवांनी वेळ पाहिली. दोन मिनिटे आणि काही सेकंद. ते म्हणाले, "विमान कललं की नाक आपोआप खाली जातं. कल न काढता तुम्ही ओढलंत, म्हणून वळण अधिकच आवळलं. सगळे हेच करतात. तुम्ही काही वेगळे नाही, पप्पा." आणि मग त्यांनी १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात झालेल्या प्रयोगाची हकिकत सांगितली. उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या वीस जणांना शिक्षकासोबत खऱ्या विमानात, बाहेरचे काही दिसू न देता उडवायला लावले. विसांपैकी वीसही जणांच्या हातून विमान सुटले. सरासरी वेळ भरली १७८ सेकंद. तीन मिनिटेही नाहीत. त्याच प्रयोगात पुढे त्यांना ढगातून मागे फिरण्याची ठरावीक पद्धत शिकवली, तेव्हा बहुतेक प्रयत्न यशस्वी झाले. म्हणजे उणीव धैर्याची नव्हती, माहितीचीही नव्हती. उणीव सरावाची होती.

आम्ही ते ऐकत होतो, पण मन दुसरीकडे होते. गोठलेल्या पडद्यावर पुढच्या दोन आसनांचा भाग दिसत होता. मागची दोन दिसत नव्हती. तिथे त्या दिवशी कोण बसणार होते, हे आम्हांला आठवले. वजने वहीत लिहिलेली होती.

पुढे आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या चिरंजीवांची गोष्ट आमच्या पिढीला ठाऊक आहे. १६ जुलै १९९९ च्या रात्री धाकटे जॉन केनेडी आपली पत्नी आणि मेहुणी यांना घेऊन चुलत बहिणीच्या लग्नासाठी छोट्या विमानाने निघाले आणि मार्थाज व्हिनयार्ड या बेटाजवळ समुद्रात कोसळले. आम्हांला वाटले होते, वादळ असेल. तसे काही नव्हते. नियमांप्रमाणे हवा उडण्याजोगी होती. पण समुद्रावर धूसर होते, रात्र अंधारी होती, आणि क्षितिज दिसत नव्हते. चौकशी मंडळाने कारण नोंदवले: दिशाभ्रमामुळे विमानावरील ताबा सुटला. उपकरणांवर उडण्याचे त्यांचे शिक्षण चालू होते. पुरे झाले नव्हते. लग्नघरी वाट पाहणाऱ्या आप्तांइतकी माणसाला घाई करणारी दुसरी गोष्ट नसते. त्या शनिवारी आमच्या घरी ती घाई कोण करीत होते, हे सांगायला नको.

एवढ्यावर हा लेख संपवला असता तर 'स्वतःचे ऐकू नका, यंत्राचे ऐका' असा सोपा बोध निघाला असता. पण पुढच्या आठवड्यात आम्ही चिरंजीवांच्या शिक्षणाला हजर राहिलो आणि तोही बोध पुरता टिकला नाही.

घरातल्या यंत्रावरचे तास सरकारी हिशेबात धरत नाहीत. विमानशाळेत मान्यताप्राप्त यंत्र असते. शिक्षक शेजारी बसून जे तास देईल तेच वहीत चढतात, तेही मोजके. खाजगी परवान्याला किमान चाळीस तास लागतात, त्यांतले अडीच तास फार तर यंत्रावरचे चालतात. ढगातल्या उड्डाणाच्या परवान्यासाठी मात्र ही सवलत बरीच मोठी आहे, कारण तिथे शिकायचे असते ते नेमके घड्याळे वाचणे. शिक्षिका साठीच्या बाई होत्या. त्यांनी आम्हांला हसत सांगितले की तळघरात शिकून आलेले शिष्य खऱ्या विमानातही घड्याळांकडे टक लावून बसतात, बाहेर पाहतच नाहीत. म्हणून तुमच्या मुलाची घड्याळे मी पहिले काही धडे कागदाने झाकून टाकली होती. बाहेर दिसते तेव्हा बाहेर पाहावे, दुसरी विमानेही आकाशात असतात, हे त्यांना आधी शिकवावे लागले.

त्या दिवशी चिरंजीव ढगात सुरेख उडत होते. शिक्षिकेने न सांगता आपल्या बाजूची एक कळ दाबली. काही वेळाने कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कलले आहे हे दाखवणारे मधले घड्याळ, हळूहळू एका बाजूला झुकू लागले. चिरंजीवांनी चाक उलटे वळवून ते सरळ केले. ते पुन्हा झुकले, त्यांनी पुन्हा सरळ केले. प्रत्यक्षात विमान आता खरेच कलत होते आणि उंची सुटत होती. भानावर येईपर्यंत सातशे फूट गेले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

शिक्षिकेने काय बंद केले होते? हवा ओढणारा पंप. जुन्या छोट्या विमानांत कृत्रिम क्षितिजाच्या आतला भोवरा त्या पंपाच्या ओढीवर फिरतो. ओढ गेली की भोवरा मंदावतो, आणि घड्याळ बंद न पडता, न कुरकुरता, खोटे सांगू लागते. आम्ही खुर्चीतून अर्धे उठलोच. ही तर आमच्या पायपेटीची गोष्ट! भात्याला भोक पडले की पेटी एकदम मुकी होत नाही. आधी आवाज क्षीण होतो, आणि वाजवणाऱ्याला वाटते की गायकवृंदच मोठ्याने गातो आहे.

शिक्षिकेने समजावले: कोणत्याही एका घड्याळावर जीव टाकायचा नाही. क्षितिज म्हणते, कललो आहोत. मग वळणदर्शक काय म्हणतो? तो पंपावर नव्हे, विजेवर चालतो. होकायंत्र वळते आहे का? उंची, वेग काय म्हणतात? पाच साक्षी एक सांगत असतील आणि सहावा वेगळे, तर सहावा झाकून ठेवायचा. चिरंजीवांनी चिकटकागदाचा तुकडा त्या घड्याळावर लावला आणि तोच प्रसंग पुन्हा केला. आणि पुन्हा. चौथ्या वेळी उंची शंभर फुटांच्या आत राहिली. ओल्या बोटाने गळती शोधणारा आठ वर्षांचा मुलगा आम्हांला त्या वेळी दिसला.

परतीच्या आधीच्या रविवारी आकाश निरभ्र होते. मिस्सा आटोपून आम्ही विमानतळावर गेलो. पुतणी पुन्हा आली होती, पुऱ्याही पुन्हा झाल्या होत्या. सरोवरे निळी होती आणि काठांवर जणू कोणी निखारे पसरले होते. आम्ही पुढे, चिरंजीवांच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी विचारले, "चाक धरता का थोडा वेळ?" आम्ही धरले. क्षितिज समोर स्वच्छ होते, तरी डोळे एकदा त्या सहा घड्याळांवरून फिरले. सगळी एकच सांगत होती. मागून सौभाग्यवती म्हणाल्या, "बघताय काय एवढं? चालवू द्या त्याला." आम्ही हात काढून घेतले.

उतरल्यावर आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, "त्या शनिवारी तू नाही म्हणालास, ते बरं झालं." ते विमानाला दोर बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "तुम्हांला नाही म्हणणं सर्वांत कठीण होतं, पप्पा. त्याचा सराव कुठल्याच यंत्रावर होत नाही."

वसईला परतलो. पायपेटी आता चर्चच्या माडीवर झाकून ठेवलेली असते. विजेचा कीबोर्ड आला आहे. परवा वर जाऊन आम्ही झाकण काढले आणि पाय हलवून पाहिले. भाता अजून थोडी हवा धरतो. सूर मात्र उतरला आहे. आमचे कान आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत, म्हणून गायकवृंदातल्या एका मुलीला शेजारी उभे करून विचारले. तीही तेच म्हणाली.